पोच

मडगावच्या पोस्टात मी शिक्के मारायचो.
युद्ध आमचं नव्हतं. पोर्तुगाल तटस्थ,
म्हणून जगाची अडलेली पत्रं
लिस्बनचं वळण घेऊन आमच्यापर्यंत यायची,
उशिरा, कापलेली, पुन्हा चिकटवलेली.

डॉक्टर फांटल दात काढायचे, चर्चमागच्या गल्लीत.
गुरुवारी येऊन लिस्बनला मनीऑर्डर करायचे.
तिथून कुणीतरी तारल्यांचा एक डबा पाठवणार
तेरेझीनला, त्यांच्या आईला.
'तेरेझीन म्हणजे गाव का हो?'
'गावच. फक्त वेशीबाहेर जाता येत नाही.'

तारल्या!
मला हसू आलं, खोटं कशाला बोलू.
कोलव्याला रापण ओढली की
तारली विकून उरते, वाळवून उरते,
मग माडाच्या बुंध्याशी आळं खणून
टोपल्या-टोपल्यांनी पुरतो आम्ही, वर मीठ.
खत.

चार-पाच महिन्यांनी पोच यायची.
छापील कार्ड. मजकुराला जागाच नाही,
नुसती सही.
डॉक्टर ती खिडकीशी उभे राहून वाचायचे,
चार पानी पत्र वाचावं इतका वेळ.

अक्षर ओळखणं हा माझा धंदा.
पहिल्या सहीत शेवटच्या अक्षराला शेपूट होतं, ऐटबाज.
दुसरीत ते आखूड.
तिसरी ओळ सोडून खाली घसरलेली,
शाईत बुडालेल्या मुंगीने चालत जावं तशी.
चौथी मात्र सरळ, ठसठशीत, शाळेतल्या कित्त्यासारखी.
'बघा, बरी झाली,' डॉक्टर म्हणाले.
मी शिक्क्याची शाई पुसत राहिलो.
ते अक्षर त्या हाताचं नव्हतं.

त्यांनाही कळलंच असणार.
पुढच्या गुरुवारी आले तरी,
नाणी मोजली, एक कमी पडलं, खिसे चाचपले,
त्याच नावाची पावती करायला लावली.
मी वर पाहिलं.
'जो कोण सही करतोय,' ते म्हणाले,
'त्याला भूक तर लागत असेल ना?'

त्या हंगामात रापणीला मासळी मावेना.
भाऊ आळं खणत होता, टोपली माझ्या डोक्यावर.
मी ती खाली ठेवली.
एकेक तारली चांदीची, डोळे उघडे.
माश्या घोंगावू लागल्या.
'ओत की,' भाऊ ओरडला, 'काय मोजत बसलास?'

ओतली.
त्या माडाचा नारळ अजून आमच्या हुमणात असतो.