सातवा आठवडा

फुजैराला, सिमेंट कारखान्यामागे सापडली ती,
पोटात सहा घेऊन.

कुकरची शिट्टी ऐकवून झाली,
एसीची घरघर, मिक्सर, अजान,
छत्री फटकन उघडणं.
इथे पाऊस कुठला, पण कुठे जातील काय सांगावं.
रोज पंजे दाबते, कान चाचपते, नखं कापते,
उद्या परका हात परका वाटू नये.

शेजारचा मीरान येतो पांढऱ्या कंदुऱ्यात,
वाळूत मांडी ठोकून बसतो.
पाच जणं अंगावर.
हिरव्या दोऱ्याची तेवढी पाण्याच्या टाकीमागे.
घाई नको, म्हणतो, आणि एकटाच खजूर खातो.
चौथ्या दिवशी तिने त्याची चप्पल हुंगली.
पाचव्या दिवशी पळवली.

शुक्रवारी माणसं येतील, अल ऐनची, दुबईची.
मी विचारणार: जिना आहे का, लहान मुलं,
दुपारी घरात कोण असतं?
मला इकडे धाडताना
एवढं कुणी विचारलं नव्हतं.
असो.

जुन्या गाऊनचे सहा तुकडे
आईखाली अंथरलेत, वास मुरायला.
एकेकाबरोबर एकेक जाईल.

सातवा पिल्लांखाली आहे.
तो इथेच राहील,
ती हुंगत हुंगत घरभर फिरेल
त्या रात्रीसाठी.