सावलीचं काम

रूरच्या खोऱ्यात, खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगावर
बांधलेला हा लांबलचक हिवाळा.
आत उणे चार. बाहेर जुलै.

स्वेन्या शिडीवर चढून भिंगावरचं दव पुसते.
तिच्या हातमोज्याचं एक बोट कापलेलं,
बटणांसाठी.

पहिल्या आठवड्यात तिने सगळेच दिवे लावले होते.
बर्फ कोऱ्या कागदासारखा झाला,
उंचवटे दिसेनात. शिकवणारा मास्तरच
पोरांदेखत तोंडघशी पडला.
डेटलेफ हसला नाही. म्हणाला,
उजेड कुणीही पाडतं, पोरी. सावली पाडायला शीक.

तेव्हापासून डावीकडून तिरपा, जरासा पिवळा:
खड्ड्याखड्ड्याला निळसर काठ.

शुक्रवारी मात्र लोकांना ध्रुवावरचा हिरवा प्रकाश हवा असतो,
छतावर, गाण्याच्या ठेक्यात हलणारा.
तोही देते ती. वर मासेही सोडते उतारावर.
एक मुलगा वाकून मासा उचलू बघतो,
मासा त्याच्या हातमोज्यावरून पोहत जातो.

रात्री साडेअकराला एकेक दिवा मालवताना
शेवटचा ती थोडा वेळ राहू देते.
बर्फाखाली काँक्रीट, काँक्रीटखाली
आजोबांनी पाटीपाटीने उपसलेला काळोख.
तो कुठल्याच बटणावर नाही.

वर यंत्र फिरतंय,
उद्यासाठी बर्फ विंचरत.