खुलासा

विट्यात, मायणी रोडला, रसवंतीच्या शेजारी
तीन पायऱ्या उतरून आमची खोली.
दाराच्या पोटात शिशाचा पत्रा आहे,
ओढताना खांदा लागतो.
इलाही शिकलगार रोज म्हणतो, ताई, ह्याला तेल पाजा.
तेलाचा काय संबंध. वजन आहे ते.

एप्रन घडी घालायचा नाही, दांडीवर टांगायचा.
घडीवर शिशाला चीर जाते, वरून दिसत नाही.
म्हणून वर्षातून एकदा मी एप्रनचाच फोटो काढते.
जुन्या गड्याला विचारावं तसं:
बाबा, तुझं तरी बरं आहे ना?

पोराचा हात धरायला बाप आत आला
की एप्रन आधी त्याच्या गळ्यात.
तो लाजतो. एका फोटोनं काय होतंय, ताई?
एकानं काही होत नाही.
मला रोज चाळीस असतात.

परवा लेंगऱ्याची एक सून आली. कंबर.
फाईल सासूच्या हातात, पैसे सासूच्या कनवटीला.
विचारलं, पाळी कधी आली होती?
उत्तर सासूनं दिलं, तारखेसकट.
म्हटलं, मावशी, बाहेर थांबा, किरणं लागतात.
किरणं कुठली. मशीन अजून थंड होतं.
दार ओढलं. खांदा लागला.
पोरीनं साडीची पिन काढता काढता सांगितलं,
नऊ दिवस वर गेलेत.
बोलू नका कुठं.
मागं दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा राहिलं नाही.

डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: आज नको, आधी तपासा.
बाहेर सांगितलं, मशीन बिघडलंय.
खोटं.
पण शिशाचं तरी दुसरं काय काम असतं,
मधे उभं राहायचं.

आमचे अण्णा गलाईवाले. सोळाव्या वर्षी मदुराईला गेले.
सोन्यात मळ असला की भट्टीत शिसं टाकायचं,
शिसं मळ ओढून घेतं
आणि सोनं डोळा उघडतं.
अण्णा अजून असंच सांगतात, डोळा उघडतं,
आणि कप त्यांच्या बशीत वाजत राहतो.
एकतीस वर्षांत धूर किती गेला आत,
त्याची वही नाही.
शेठकडं सोन्याची होती, गुंजेपर्यंत.

माझ्या छातीला बिल्ला असतो.
दर तीन महिन्यांनी पाकिटातून जातो,
मग आकडा येतो. बहुतेकदा नसल्यातच जमा.
ह्या खेपेला मोठा आला.
सोबत पत्र: खुलासा करावा.

दोन रात्री झोप नाही.
तिसऱ्या दिवशी इलाहीला आठवलं.
रेणावीच्या जत्रेला मी रजेवर,
बिल्ला टेबलाच्या कडीला तसाच अडकवलेला,
आणि चार दिवस बदलीचा पोरगा फोटो काढत होता.
मी जत्रेत पाळण्यात बसले होते,
माझ्या नावावर इथं किरणं पडत होती.

अण्णांनी पत्र लांब धरून वाचलं.
कागद हलत होता. शब्द त्यांनी हलत्यातच पकडले.
तुझ्याकडनं खुलासा मागत्यात?
हो.
म्हणजे कुणीतरी मोजतंय.
हो, अण्णा.
बराच वेळ रसवंतीची घुंगरं ऐकत बसल्यासारखे बसले.
घर रसवंतीपासून दोन मैलांवर आहे.
मग म्हणाले, आमच्या भट्टीला कधी पत्र आलं नाही.

खुलासा एका वाक्यात बसतो:
महोदय, बिल्ला माझा होता, मी तिथं नव्हते.
सही केली, शिक्का मारला,
तरी खाली अर्धा कागद कोरा.
तिथं मला एक पत्ता लिहावासा वाटतो.
मदुराई, सराफांची गल्ली, वरचा मजला.
एक माणूस तिथं होता, बिल्ला नव्हता.
खिडकीही नव्हती.