मानशीचं दार

दिवाडीच्या बांधावर
पाद्री सिप्रियानना मी सोबत घेऊन आलो.
खांद्याला मोजमापाचं दप्तर, कोपराला त्यांचा हात.
खात्याचं काम होतं:
खाजनात खारं पाणी किती शिरलं, एवढंच लिहायचं.

त्यांची पुतणी फिलोमेन म्हणाली होती,
'आमच्या बापा' आता अर्ध्यावरच थांबतं.
रोजच्या घासापर्यंत येतात
आणि पदेराचा भोंपू ऐकल्यासारखे दाराकडे बघतात.

तर्क मात्र शाबूत आहे.
जे हलतं त्याला कुणीतरी हलवलेलं असतं,
हे पुटपुटत ते तेर्साचे मणी सरकवतात,
आणि प्रत्येक मण्याला 'एर्गो'.

मी सेमिनार सोडलं ते ह्याच वाक्यावर.
राशोलच्या त्या थंड वर्गात
हात वर करून विचारलं होतं:
साखळी कुठेतरी थांबायलाच हवी, हे कुणी ठरवलं?
खडू खाली ठेवून ते म्हणाले, उद्या.
उद्या मी मडगावच्या बसमध्ये होतो,
पायांशी लोखंडी ट्रंक.
आई सहा महिने माझ्याशी जेवणापुरतं बोलली.

भरती लागली.
मानशीची दोन्ही दारं कुरकुरली,
जांभ्याच्या खांबांमधून जवळ जवळ येत
कुणी हात न लावता मिटली.
शेवटच्या फटीतून एक काळुंदर आत सटकलं.

'कोण ढकलतं?'
'भरती, पाद्री.'
'आणि तिला?'
'चंद्र.'
'त्याला?'
मी गुरुत्व म्हणालो, वस्तुमान म्हणालो,
नंतर शिकलेलं सगळं एका दमात.
सुटे पैसे मोजून घ्यावेत
तशी त्यांनी प्रत्येकाला मान डोलावली.
'त्याला?'

मी गप्प राहिलो.
फेरीबोट पलीकडच्या धक्क्याला लागत होती.
वाटलं, हेच शोभेल:
म्हातारा माणूस, उतरतं ऊन, माझं नम्र मौन.

त्यांनी काठी चिखलात आपटली.
डोळे पुन्हा वर्गातले.
'गप्प बसणं म्हणजे भक्ती नव्हे, ए खिडकीजवळच्या!
प्रश्न तुझा होता. साखळीचा. विचार परत.'

मी विचारला.
अडखळत; पंचवीस वर्षांनी
तो मलाच थोडा लहान झाला होता.

ते बांधावर बसले,
झग्याचा एक खिसा चाचपला, मग दुसरा,
खडूसाठी.