ओव्हरटाइमची पाती

पहिली सुरी एकशेवीस रुपयांची.
पातं आमच्याच शेडमधलं, उद्यमबागेतलं,
पॉवर हॅक्सॉचं, तुटून भंगारात पडलेलं,
फोरमनला विचारून उचललेलं.
विचारून, हे आधीच सांगतो.
मजुरी भरमाण्णाची:
जांबोटी रस्ता, पत्र्याचं छप्पर,
भात्याच्या जागी जुना टेबलफॅन.

त्यानं पाणी दिलं तेव्हा मी शेजारी उभा.
पातं करवंदाच्या आतल्या लालीवर आलं
आणि सूं करून तेलात गेलं.
बुडवतात तेलात, म्हणायचं मात्र पाणीच.

मग वेड लागलं म्हणा.
पगार घराचा, ओव्हरटाइम माझा,
असा करार रेणुकेशी.
डेपोतल्या भंगार बसची कमान, तिचा कोयता,
पाठीला दोन सूत जाड.
कानशीची एक, अंगावर जुने दात तसेच ठेवलेली.
खानापूरच्या बाजारात विळ्या-खुरप्यांच्या ढिगाखाली
एक फणसाच्या मुठीची, सत्तर रुपये.
घासाघीस करायची लाज वाटली.
म्यान अथणीच्या चपला शिवणाऱ्याकडून;
त्याला आधी वाटलं
मी एकाच पायाची मागतोय.

ट्रंकेत बारा झाल्या,
खोबरेल पुसून, धोतराच्या चिंध्यांत.
वर्षातून दोन रविवार कणकुंबीच्या रानात नेतो एखादी.
वाळकी काटकी सोलायची, पिसं काढायची,
काडी एकच ओढायची,
चहा प्यायचा, परत यायचं.
खंडेनवमीला सगळ्या पाटावर, झेंडू, हळदकुंकू,
आणि धाकटा विचारतो,
बाबा, यातली कापते कुठली?

पुढची बेअरिंगच्या पोलादाची.
बावीसशे. शिसवी मूठ, पितळी रिवेट.
बनून तयार आहे, त्याच्याकडेच आहे,
मी दोनशे दोनशे देतोय.
भरमाण्णा पत्र्यावर खडूनं हिशेब मांडतो, कानडीत.
सहा आणि नऊ
मला अजून वेगळे दिसत नाहीत.

गेल्या महिन्यात धार लावायला
स्वयंपाकघरातली नेली. ती पहिली.
सतरा वर्षं कांदा, बांगडा, शेवग्याच्या शेंगा,
पाट्याच्या कडेवर घासून घासून
पातं करंगळीएवढं उरलेलं.
त्यानं उन्हात धरलं.
मनगटावरचे चार केस काढून बघितले.
बराच वेळ बोलला नाही.
मग बेअरिंगची पुढं सरकवली.
"ही ने. हप्ते माफ. ती ठेव हितं."
"कशाला गा?"
"माझं पाणी कुठवर पोचलंय, बघूलालोय."

घरी विचारलं.
रेणुका विळीवर बसली होती, कुरकुरत.
मान वर न करता म्हणाली,
"तुमच्या बारांतली द्या कुठलीबी. ती माझी."

आज दोनशे देऊन आलो.
त्यानं हातानंच जुना आकडा पुसला, नवा लिहिला.
सहा राहिलेत.
किंवा नऊ.