क्लिप क्रमांक चौदा

हीउमा बेटावर जानेवारीत
हेल्वे ताम्म सॉना तापवत नाही.
दार ओढून घेते, लाकडी बाकावर जुने टॉवेल रचते,
त्यांच्या बेचक्यात माइक,
आणि हातमोजे घालून बसते.
अख्ख्या घरात ही एकच खोली,
जिथे फ्रिजची घरघर पोचत नाही.

शिकवायचंय ते कागदावर दिसत नाही, ही पंचाईत.
ऱ्हस्व-दीर्घ आपण वेलांटीवर निभावून नेतो.
तिच्या एस्टोनियन भाषेत दीर्घाच्याही पुढे एक पायरी आहे,
प्लुत म्हणा हवं तर,
आणि तिच्यासाठी वेगळी खूणच नाही.
'सादा' म्हणजे पाठव.
'सादा' म्हणजे मिळणं.
लिहिताना तंतोतंत तेच.
फरक एवढाच,
की पहिला आ किती वेळ धरून ठेवायचा.

म्हणून क्लिप्स. वीस-वीस सेकंदांच्या.
एकदा सावकाश, एकदा बाजारात बोलतात तसं,
मधे मोकळी जागा, शिकणाऱ्यानं म्हणून बघायला.
ती केवढी ठेवावी, यात तिच्या दोन रात्री गेल्या.
चार सेकंद.
लाजणाऱ्याला तीन पुरत नाहीत.

मग रात्री संगणकावर
स्वतःचेच श्वास कापत बसायचं.
हिरव्या रेघेवर एकेक श्वास,
दाढीच्या खुंटाएवढा.
"एवढे घेते मी?" ती मांजराला विचारते.

चौदावी क्लिप मात्र घाईत गेली.
शेवटी थर्मास कलंडला, चहा मोज्यांवर,
आणि ती पुटपुटली : कुरात्.
सैतानाचं नाव.
आईनं साबणानं तोंड धुतलं असतं तिचं.

सोमवारी गृहपाठ आला, बावीस जणांचा.
तालिन्नचा ट्रकवाला, तार्तूच्या दोन नर्स,
ब्राझीलचा जावई, सासूशी भांडता यावं म्हणून शिकणारा.
'सादा' सगळ्यांचं फसलेलं,
पाठवायचं त्याचं मिळालेलं, मिळायचं ते पाठवलेलं.
आणि शेवटी, बरोबर चार सेकंद थांबून,
बावीसही जणांनी अदबीनं म्हटलं :
कुरात्.
एकाचाही उच्चार घसरला नव्हता.
हेल्वे इतकी हसली की मांजर उठून गेलं.

तेविसावा गृहपाठ बुधवारी, उशिरा.
पॅर्नूच्या मासळीच्या कारखान्यातून झोर्याना.
मागे पट्टा खडखडतोय, कुणीतरी ओरडतंय पेट्या मोजत.
'शांत जागी रेकॉर्ड करा', नियम हेल्वेचाच.
पाठव, म्हणाली झोर्याना.
मग मिळणं, आणि तो आ तिनं असा धरला
की मुकादमाची शिट्टी त्याच्या आतच वाजून संपली.

हेल्वेनं गोंगाट पुसायचं बटण दाबलं.
पट्टा गेला, शिट्टी गेली,
आणि आ-ची शेपटीही गेली त्यांच्याबरोबर.
तिनं सगळं परत आणलं.

मग निरोप लिहिला : तुझा आवाज
बाकीच्यांना ऐकवायला पाठवू का?

उत्तर आलं मध्यरात्री, पाळी सुटल्यावर.
लेखी. एकच शब्द. सादा.

पाठव असंच असणार.
तरी ती बराच वेळ बघत राहिली त्याच्याकडे,
कागदावरून कळायला मार्ग नव्हता.