एक काना

एक वाजता लागतो.
साडेबारालाच साइट बसते,
रस्त्यात म्हैस बसावी तशी.
सिंदेवाहीच्या बस स्टँडसमोर माझं झेरॉक्स,
कूलरमध्ये पाणी नाही, प्रिंटरमध्ये शाई आहे,
बाहेर सेहेचाळीस डिग्री,
म्हणजे ऊन द्वितीय श्रेणीत पास.

मंडळाला दोनच गोष्टी लागतात:
बैठक क्रमांक आणि आईचं नाव.
बापाचं कोणी विचारत नाही.
एरवी जी वर्षभर अमक्याची माय, तमक्याची बायको,
ती आज रांगेत सापडते.
मिसरूड फुटलेली पोरं वाकून माझ्या कानात सांगतात,
चोरून आणलेली वस्तू दाखवावी तशी:
पंचफुला.
दुर्पता.
कौतिका.
मी टाइप करतो तशी एकेक बाई उघडते
आणि तिच्या मागून येतात
मराठी त्रेसष्ट, इंग्रजी एकेचाळीस.
फॉर्मवर ज्याच्या आईचं नाव नाही
त्यानं तीन एक्स टाकायचे.
असे एक-दोन दर वर्षी असतात. मी वर बघत नाही.

ती चप्पल बाहेर काढून आली.
माझ्या दुकानात कोणी चप्पल काढत नाही.
तळहातावर पेनानं लिहिलेला नंबर,
शेवटचा आकडा घामानं एक झालेला की सात.
पोरगी कुठं आहे?
"फळीवर जी. पुडे मोजते."
तेंदूच्या सत्तर पानांचा एक पुडा.
एकोणसत्तर भरली तर परत.

नाव?
शशिकला. नोंद आढळली नाही.
आधारवर ससिकला आहे म्हणाली. नाही.
एक करून पाहिला, सात करून पाहिला.
मागची पोरं घड्याळं बघायला लागली.
माहेरचं सांगा, म्हटलं.
तिनं आधी मागं पाहिलं, मग इतक्या हळू
की दोनदा विचारावं लागलं:
"मंगरी."
मंगरीही नाही.

मग तिलाच आठवलं.
"मी रोवन्याले गेलती जी. तिचा आबा गेला नाव टाकाले, त्याले आयकू येत नाई.
गुर्जीनं पोरीलेच इचारलन, आईचं नाव काय.
थे म्हनली, माय."

माय टाकलं. नाही.
पण मला तो गुर्जी दिसायला लागला,
जून महिना, ओली छत्री, पुढ्यात रजिस्टर,
माय हे काय नाव झालं, असं पुटपुटत
त्यानं पदरचा
एक काना दिला.

माया.

उघडलं.
शेडमाके आचल.
मराठी एकाहत्तर, हिंदी अठ्ठावन्न, इंग्रजी चव्वेचाळीस,
विज्ञान सत्तेचाळीस, सामाजिक शास्त्रे सत्तावन्न,
गणित पस्तीस आणि पुढं एक चांदणी.
टक्केवारी पाचच विषयांची, पंचावन्न पूर्णांक चार,
सगळ्यात पडका विषय मंडळ स्वतःच झाकून घेतं.

"हे चांदणी कायची जी?"
खाली मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं असतं:
सवलतीचे गुण.
चांगली असते, म्हटलं.

उद्या पेपरात छापून येईल, यंदाही मुलींचीच बाजी.
विभागांची उतरंड येईल,
आमचा विभाग शोधायला ती खालून वाचायची.
फळीवर पेपर परवा पोचतो,
भजी बांधून.

प्रिंटचे दहा.
तिनं गाठ सोडली, पैसे ठेवले, पण हलेना.
"थे नाव वाचा जी अजून एकदा."
पोरीचं?
"नाई. थे दुसरं."
वाचलं.
"दहा वर्सं झाले," ती म्हणाली, "मले कोनी सांगतलंच नाई."

मी सवयीनं सांगून टाकलं:
दुरुस्तीचा अर्ज असतो. प्रतिज्ञापत्र, स्टॅम्प पेपर,
शाळेचा दाखला, मुख्याध्यापकाची सही,
माझ्याकडेच सगळं होते, पंधरा दिवस धरा.
"कायले?" म्हणाली,
आणि कागदाची घडी न घालता,
आडव्या पानासारखा तो दोन्ही हातांवर धरून
बाहेर पडली. चप्पल विसरली,
पाच पावलांवरून, पाय भाजल्यावर, परत आली.

कूलर बंद पडला.
पुढचा पोरगा वाकला.
"तीन एक्स," म्हणाला.